जानू मांडवकरचा निरोप

"वाडेकर, हे कैदी आहेत की सासुरवाडीला आलेले जावई?"

कर्नल रणदिवे साहेबांनी माझ्या आठही मुंडक्यांसमोरून एक फेरी मारली आणि छडी बगलेत धरून हे विचारलं. मुंडकी शाडूची होती, अजून ओली होती, आणि मला तरी फार सुरेख वाटत होती.

"साहेब, चुकलं काय?"

"चुकलं काहीच नाही. सगळे तृप्त दिसताहेत. आत्ता जेवून उठले असावेत, श्रीखंड-पुरी."

मी पुन्हा पाहिलं आणि मला माझंच हसू आलं. माझ्या घराण्यात चार पिढ्या गणपती, गौरी आणि फार तर बाळकृष्ण, यांखेरीज कुणाचं तोंड घडवलेलं नव्हतं. पेणच्या माणसाचा हात मातीला लागला की गाल आपोआप भरतो आणि ओठाच्या कडेला हसू येतं. मी आठ कैदी घडवायला बसलो होतो आणि आठ देव घडवून मोकळा झालो होतो.

ही चौऱ्याण्णव सालची गोष्ट. पांढरखडीच्या छावणीत इंग्रजांनी बांधलेला एक तुरुंग होता. चोर-दरोडेखोरांचा नव्हे, त्यांच्याच फौजेतल्या शिपायांचा. हुकूम मोडला, साहेबाला उलट बोलला, रजा संपून वेळेवर परतला नाही, की शिपाई इथे यायचा. स्वातंत्र्यानंतर तिथे बरीच वर्षं कोठार होतं, मग नुसती वटवाघळं. आता त्याचं संग्रहालय होत होतं. निवृत्त झालेले रणदिवे साहेब त्याचे प्रमुख होते, आणि आठ खोल्यांत आठ कैद्यांचे पुतळे बसवायचं काम माझ्याकडे आलं होतं. आधी शाडूत घडवायचं, त्याचा साचा काढायचा, मग फायबरमध्ये ओतायचं. मी सत्तावीस वर्षांचा होतो आणि हाताइतकंच तोंडही चालवत असे.

"उद्या एक माणूस पाठवतो," साहेब म्हणाले. "त्याने खरे कैदी पाहिलेत. तो सांगेल तसं कर."

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकू घाग आले. सत्तरी ओलांडलेले, काटकुळे, इस्त्रीचा सदरा, डोक्याला टोपी. शेवटच्या इंग्रज वर्षांत ते या तुरुंगात पहाऱ्याला होते, आणि नंतरही छावणीतच राहिले, तिथेच पेन्शनीत निघाले. मी त्यांना बाबा म्हणू लागलो. ते मुंडक्यांसमोर बराच वेळ उभे राहिले.

"गाल काढ," ते म्हणाले.

"किती काढू?"

"बोट टेकलं की आत जाईल इतका. आणि खांदे उतरव सगळ्यांचे. उजवा जास्त."

"उजवा का?"

"लोखंडी गोळे उचलायला लावायचे. हितनं उचलायचा, दहा पावलं न्यायचा, ठेवायचा. ठेवला की परत आणायचा. दिवसभर."

"कशासाठी?"

"कशासाठी नाही. तीच शिक्षा."

मी गाल काढले, खांदे उतरवले. दुपारपर्यंत माझे जावई बरेच वाळले. बाबांनी सगळ्यांकडे एकदा नजर टाकली आणि म्हणाले, "सात जणांची तोंडं तुला हवी तशी कर. सहा नंबरच्या खोलीतल्याचं मात्र मी सांगतो ते करायचं."

"सहा नंबरला कोण होता?"

"तू कर तर खरं."

त्यापुढचे सहा दिवस मी एकाच तोंडाशी झटत होतो. बाबा रोज दहाला यायचे, स्टुलावर बसायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे. कपाळ रुंद नव्हतं. कान बाहेर आलेले. डाव्या भुवईच्या मधोमध जुनी खोक, तिथे केस उगवत नव्हते. वरचा एक दात किंचित तुटका. मी करायचो, ते डोळे उघडायचे आणि मान हलवायचे.

"नाक असं नव्हतं."

"काल तुम्हीच असं म्हणालात."

"काल चुकलं असेल."

तिसऱ्या दिवशी मी वैतागलो. "बाबा, पन्नास वर्षं झाली. तुम्हाला तुमचं तेव्हाचं तोंड तरी आठवतं का?"

"माझं कशाला आठवू? माझं रोज आरशात बघतो. त्याचं बघायला मिळत नाही." मग म्हणाले, "मरायच्या आत एकदा बघायचंय मला त्याला, श्रीरंग. एवढं कर माझं."

म्हातारा असं नावाने हाक मारून बोलला की माझी थट्टा घशातच राही. मी नाक पुन्हा घडवलं. हनुवटी करताना ते म्हणाले, "थोडी वर कर. चेहरा वर उचललेला पाहिजे. उंचीला कमी होता. दाराला भोक होतं जेवण सरकवायचं, त्यातून बोलायला त्याला मान वर करायला लागायची."

"कैद्यांशी बोलायला परवानगी होती?"

"नव्हती," बाबा म्हणाले.

सहाव्या दिवशी मी भुवईवरची खोक कोरणीने नीट केली आणि बाजूला झालो. बाबांनी डोळे उघडले. यावेळी त्यांनी मान हलवली नाही. स्टुलावरून उठले, पुढे आले, आणि उभ्या जागी फरशीवर बसले.

"आला," ते म्हणाले.

ते रडत होते आणि त्यांना ते कळतही नसावं. मी पाण्याचा तांब्या आणून त्यांच्यापुढे ठेवला आणि शेजारी मांडी घातली.

"कोण होता, बाबा?"

"जानू मांडवकर. तळसणीचा. आमचं मुरडं आणि तळसणी, मधे एक नदी. पहिल्या दिवशी तोंड उघडलं तसं मी ओळखलं, हा आपल्याकडचा." गावाचं नाव निघालं तशी त्यांची भाषा बदलली, पन्नास वर्षांचं घाटावरचं वळण गळून पडलं. "लढाईला जायच्या बोटीवर चढा म्हटलान सायबानं, तर ह्यांच्या टोळीनं नाय म्हटलं. हा फुडं व्हता. बाकीच्यांना दगड फोडायला लावलं, ह्येला एकट्याला कोंडला. बेचाळीस दिवस. थंडीचं दिवस, अंगावर एक कांबळं. मंग ताप भरला."

"डॉक्टरला नाही सांगितलंत?"

"सांगितलं. लवकर नाय सांगितलं." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "किल्ली माझ्या कमरेला व्हती, श्रीरंग. मी भायेर, तो आत. आमी दोघं एकाच नदीचं पानी प्यालेलं."

त्यांनी तांब्या खाली ठेवला.

"जायच्या आधी चार दिवस त्यानं मला निरोप दिलान. घरी बहीण व्हती, भागी. तिला सांग म्हणाला. तू रजेवर जाशील तवा नदी ओलांड आणि एवडं सांग."

"काय?"

"ते जेचं त्याला सांगायचं. तुला नाय."

"मग सांगितलंत?"

त्यांनी मान हलवली. "पयल्या वर्षी भ्यालो. कैद्याचा निरोप नेला असं कळलं असतं तर मलाच कोंडला असता. मंग लढाई संपली, तवा लाज वाटली. काय सांगू? तुमचा जानू माझ्या कुलपात मेला म्हणून सांगू? असं करत रायलं. मी गावालाच जायचा थांबलो."

"आता जा की. मी येतो सोबत. एसटी जाते ना तिथे."

"आता नाय," बाबा म्हणाले. "आता त्या बाईचा संसार झाला असंल, नातवंडं असतील. कशाला ढवळायचं?" त्यांनी टोपी सारखी केली आणि निघून गेले.

खरं तर विषय तिथे संपायला हवा होता. पण लष्कराच्या भाकऱ्या भाजायची मला लहानपणापासून खोड. त्यात वय तसं, आणि बाबांवर माझा जीव जडलेला. हा माणूस निरोप पोटात घेऊन मरणार, ही कल्पनाच मला सोसवेना. मी त्याच संध्याकाळी सरपंच, मुक्काम पोस्ट तळसणी, असा पत्ता घालून पत्र लिहिलं. जानू मांडवकर नावाचे आपल्या गावचे शिपाई पांढरखडीच्या लष्करी तुरुंगात वारले, त्यांच्या भगिनी भागीबाई हयात असतील तर संग्रहालयाच्या उद्घाटनाला त्यांना जरूर पाठवावं. बाबांना मी यातलं काहीच सांगितलं नाही. पत्र पेटीत टाकलं तेव्हा मी स्वतःवर फार खूश होतो.

पुढचा महिना साचे, फायबर, रंग यांत गेला. डोळ्यांच्या कामाला आमच्याकडे आखणी म्हणतात. ती सगळ्यांत शेवटी. सहा नंबरची आखणी मी उद्घाटनाच्या आदल्या दिवशी केली, आणि बाबा शेजारी उभे होते.

"खाली बघतोय असं करू नको," ते म्हणाले. "तो तोंडाकडे बघून बोलायचा."

उद्घाटनाला बँड होता, फीत होती, चार भाषणं होती. साहेबांनी माझं नाव घेतलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझं लक्ष फाटकाकडे होतं. तळसणीहून कुणीच आलं नव्हतं. पत्राला उत्तरही नव्हतं. पाहुणे मांडवात जेवायला गेले तेव्हा मी आशा सोडली, आणि खोटं कशाला बोलू, थोडं हायसंही वाटलं.

दोनच्या सुमाराला ते दोघं आले. चाळिशीतला एक शिक्षकी वेशातला माणूस आणि त्याचा हात धरून एक म्हातारी. नऊवारी लुगडं, पाय धुळीने भरलेले, कपाळावर बारीक कुंकू. माणसाने माझं पत्र खिशातून काढून दाखवलं.

"मी दिनकर मांडवकर, जानूकाकांच्या चुलतभावाचा मुलगा. ही आमची भागीआत्या. दोन गाड्या बदलून आलो, उशीर झाला."

बाबा ओसरीच्या दुसऱ्या टोकाला खुर्चीवर बसले होते. मांडवकर हे नाव त्यांच्या कानावर गेलं. ते उठून उभे राहिले. त्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली. ते माझ्यापाशी आले, मला वाटलं आता बोलणार, बरंच बोलणार. पण ते हळूच म्हणाले, "कपाळाला कुंकू हाय रे. बरं झालं. संसार झाला तिचा."

आत्या एकेक खोली बघत चालली होती. दिनकर पाट्या वाचून दाखवत होता. कोणत्याच पाटीवर कैद्याचं नाव नव्हतं, नुसते नंबर आणि शिक्षा. मी काही सांगणार होतो, पण सांगावं लागलं नाही. सहा नंबरच्या दारात ती थांबली.

"दिनू," ती म्हणाली, "ह्यो दादा."

"आत्या, पुतळा आहे तो."

"भुवई बघ त्येची. रातांब्यावरनं पडला व्हता."

दाराला आडवी दोरी लावलेली होती. तिने ती हाताने खाली दाबली आणि आत गेली. पुतळा तिच्यापेक्षा फारसा उंच नव्हता. तिने भुवईवरच्या खोकेवर अंगठा ठेवला, मग कानावरून हात फिरवत खांद्यावर ठेवला. तिच्या चेहऱ्यावर रडू नव्हतं. घरी उशिरा आलेल्या माणसाला बघावं तसं ती बघत होती.

"घरात फोटो नव्हता ह्येचा," ती मला म्हणाली. "तुमाला ह्येचं तोंड कोनी सांगितलान?"

मी बाबांकडे पाहिलं. बाबा दारापाशी आले. त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"मी. धाकू घाग. मुरड्याचा. मी हितं पहाऱ्याला व्हतो."

"मुरड्याचं?" तिने मागे वळून पाहिलं. "म्हंजे आमच्या समोरचंच."

"व्हय."

"तुमच्या समोर गेला तो?"

"व्हय. चव्वेचाळीस साल. शिवरात्रीच्या आदल्या दिवशी, पाटेला."

ती काही वेळ मनाशी हिशेब करत राहिली. "आमी शिमग्याला त्याची वाट बगत व्हतो," ती म्हणाली. "म्हंजे तवा नव्हताच."

"आत्या, चल, बस जरा," दिनकर म्हणाला. तिने त्याचा हात बाजूला केला.

"त्यानं निरोप दिला व्हता," बाबा म्हणाले. "तुमच्यासाठी. मी आनला नाय. भ्यालो, आणि मंग लाजलो. मी तुमचा गुन्हेगार हाय. पन आता ऐकून घ्या, म्हंजे मी सुटलो."

"सांगा."

बाबा ताठ उभे राहिले. म्हातारपणात पोक आलेला माणूस, पण त्या क्षणी पाठ सरळ झाली. त्यांना एकेक शब्द पाठ होता. पन्नास वर्षं रोज म्हणत असतील.

"म्हणाला, भागीला सांग, माझ्यासाठी लगीन अडवू नको. मी आता येत नाय. कानपिळीला चुलत्याच्या नामाला उभा कर. ठरलेला मुलगा चांगला हाय, घर चांगलं हाय, हातचं घालवू नको. एवडंच म्हणाला."

लग्नात नवऱ्या मुलाचा कान पिळायचा मान नवरीच्या भावाचा. मरणाच्या दारात पडलेल्या त्या पोराला काळजी होती ती त्या मानाची, आपल्यामागे तो कुणी पुरा करायचा याची. बाबांचा चेहरा सैल झाला होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते हसले.

"तुमी तसंच केलंत आसंल," ते म्हणाले. "मगाशी तुमच्या कपाळाचं कुंकू बगितलं आणि जीव भांड्यात पडला माझा. निरोप नाय पोचला, तरी व्हायचं ते झालं."

आत्याने पुतळ्याच्या खांद्यावरचा हात काढून घेतला. दिनकर बाबांच्या जवळ गेला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "बाबा, आत्याचं लग्न झालेलं नाही. ते कुंकू ती कुमारिका म्हणून लावते."

बाबांच्या हातातली टोपी खाली पडली.

"सुपारी फुटली व्हती," आत्या म्हणाली. ती कुणाला दोष देत नव्हती, नुसती सांगत होती. "त्या शिमग्यानंतर ती मानसं विचारायला आली, वैशाखात करू या का म्हणून. आई म्हणाली, करू. नामा म्हणाला, मी रातो उभा कानपिळीला. मीच नाय म्हटलं. दादा आल्याबिगार आंतरपाट धरू देनार नाय म्हटलं. तो मुलगा थांबला हो. चांगला व्हता. तीन वरसं थांबला. लढाई संपली, गावची पोरं आली, दादा नाय आला, सरकारचा कागदपन नाय. मंग त्येच्या घरच्यांनी दुसरी केली. मंग मना कोन विचारनार? पायगुणाची नाय म्हणून लोक बोलाय लागलं."

"मी आलो असतो तर," बाबा म्हणाले. ते तिच्या पायाशी वाकले. तिने घाईघाईने पाय मागे घेतले.

"असं नका करू. तुमी थोरलं."

"मना काय तरी बोला. शिव्या द्या."

"काय बोलू?" ती म्हणाली. "तुमीपन पोरगंच व्हता तवा."

मग ती माझ्याकडे वळली. "पत्र तुमी धाडलंत?"

"हो, आजी."

"बरं व्हावं म्हणून धाडलंत."

"हो."

"इतकी वरसं मी सगळ्यांना सांगत व्हते, मी दादासाठी थांबले. तो आला असता आणि मी सासरी गेलेली दिसली असती, तर त्येला काय वाटलं असतं. आई गेली, नामा गेला, तरी मी तेच सांगायचे. लोकांना पटायचं. मनापन पटायचं. बरं वाटायचं." तिने पदराने तोंड पुसलं, पण डोळे कोरडेच होते. "आता तुमी सांगितलंत, त्येचा शब्द तर उलटा व्हता. तो लगीन कर म्हणत व्हता."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी काहीतरी पुटपुटलो, माफ करा म्हणालो असेन. तिचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. ती पुन्हा सहा नंबरच्या तोंडाकडे बघत होती, आणि माझ्या आखणीचे डोळे तिच्याकडे सरळ बघत होते, बाबांनी सांगितले होते तसे.

"मंग मी कोनासाठी रे थांबले, दादा?" तिने विचारलं.

दिनकरने घड्याळ बघितलं. सव्वातीनची गाडी चुकली तर मुक्काम पडेल, असं तो म्हणाला. तिने मान डोलावली, दोरीखालून वाकून बाहेर आली आणि त्याचा हात धरून फाटकाकडे चालू लागली. मांडवात पंगत उठली होती, बँडवाले भांडी गोळा करणाऱ्या बायकांकडे विडीसाठी काड्या मागत होते. बाबा खोलीच्या दारात खाली बसले होते. मी त्यांना उठवायला गेलो नाही.